उतरवलेली मुखपट्टी आणि उचलणारा हात

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शस्त्रक्रिया झालेल्या एका वृद्ध आप्तांना भेटण्यासाठी मी कोल्हापुरातील एका रुग्णालयात गेलो होतो. मला किंचित सर्दी होती. दारातच परिचारिकेने माझ्या हाती एक मुखपट्टी दिली आणि सौम्य पण ठाम शब्दांत बजावले, "ही बांधा, मगच आत जा. पेशंटला त्रास नको." मी ती निमूटपणे बांधली. भेट झाली, दोन शब्द बोललो, एक छोटीशी प्रार्थना केली आणि बाहेर पडलो.

बाहेर रिमझिम पाऊस होता. मोकळा श्वास घ्यावा म्हणून मुखपट्टी उतरवली. जवळपास कचरापेटी दिसेना. ती ओलसर वस्तू हातात धरवेना, खिशात ठेवणे तर त्याहून नकोसे. रिक्षात बसता बसता हात आपोआप बाहेर गेला आणि मुखपट्टी फाटकाजवळच्या गटारीच्या कडेला जाऊन पडली.

रिक्षा लगेच सुरू झाली नाही. तेवढ्यात रस्ता झाडणारी एक बाई तिथे आली. तिने खराटा फिरवला. पण मुखपट्टीची दोरी खराट्याच्या काड्यांत अडकली. दोनदा झटकूनही ती सुटेना. शेवटी बाईंनी खाली बसून उघड्या बोटांनी ती सोडवली आणि गाड्यातल्या ढिगावर टाकली. मला राहवले नाही. म्हणालो, "मावशी, उघड्या हातानं कशाला काढता?"

"मग काय करू दादा? दोरी काडीत अडकून बसती. हातानंच काढायला लागतंय."

"हातमोजे मिळत नाहीत?"

"मिळत्यात की. पर फाटल्यावर दुसरं कवा मिळायचं, तवा मिळायचं."

ती मुखपट्टी माझीच होती, हे तिने पाहिले असेलही. पाहिले असेल, तर तिने ते बोलून दाखवले नाही. आणि माझ्या तोंडूनही ते निघाले नाही. हा लेख म्हणजे त्या वेळी न दिलेली कबुली आहे. मात्र ती केवळ माझी एकट्याची आहे असे मला वाटत नाही. म्हणून ती वाचकांपुढे, थोड्या कडक शब्दांत, मांडतो आहे.

प्रथम एका विसंगतीकडे लक्ष वेधू इच्छितो. साधी तीनपदरी मुखपट्टी ही मुख्यतः दुसऱ्यासाठी असते. आपल्या खोकल्याशिंकेतून, बोलण्यातून उडणारे तुषार समोरच्यापर्यंत पोहोचू नयेत, हा तिचा पहिला उपयोग. शल्यविशारद ती बांधतो ते रुग्णाच्या उघड्या जखमेसाठी. त्या दिवशी परिचारिकेने मला ती बांधायला लावली ती माझ्यासाठी नव्हे, त्या वृद्ध आप्तांसाठी. म्हणजे मुखपट्टी बांधणे हे शेजारप्रीतीचे एक लहानसे, मूक कृत्य आहे. आणि तीच मुखपट्टी उतरवल्यावर आपण काय करतो? आत असताना ज्या तुषारांपासून एका माणसाला जपले, तेच बाहेर येऊन दुसऱ्या माणसाच्या उघड्या हातात ठेवतो. आतला माणूस आपल्या नात्याचा असतो. बाहेरची बाई आपली कोणीही नसते. आपल्या प्रीतीची हद्द रुग्णालयाच्या फाटकापाशी संपते, असाच याचा अर्थ नव्हे काय?

कोणी म्हणेल, कोरोना गेला, मुखपट्ट्याही गेल्या. आता हे पुराण कशाला? महाराष्ट्रात २०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिल रोजी निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु मुखपट्टी गेली नाही. रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा, रसायनांचे व धुळीचे कारखाने यांत ती रोजच्या वापरात आहे. फ्ल्यूची साथ आली की औषधाच्या दुकानांत तिची खोकी पुन्हा दर्शनी मांडली जातात. २०२५ च्या मे-जूनमध्ये राज्यात कोरोनाचे रुग्ण थोडे वाढताच ती पुन्हा चेहऱ्यांवर दिसू लागली होती. साथीत आपण मुखपट्टी बांधायला शिकलो. ती टाकायला मात्र शिकलो नाही आणि पुढची साथ येईल तेव्हा हे अज्ञान आपल्या सोबतच असेल. धडा शिकायचा तो शांततेच्या काळातच शिकायचा असतो.

बरे, हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते असेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० सालीच स्पष्ट सूचना दिल्या होत्या. सर्वसाधारण घरांतील वापरलेल्या मुखपट्ट्या व हातमोजे कागदी पिशवीत किमान ७२ तास बाजूला ठेवावेत, कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून त्या कापाव्यात आणि मगच सुक्या कचऱ्यातून द्याव्यात. रुग्णाच्या वापरातील मुखपट्ट्यांची वाट वेगळी होती. त्या पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्याच्या भस्मीकरणाकडे जायच्या होत्या. त्याही आधी, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्वच्छताविषयक कचरा नीट गुंडाळून वेगळा देण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली होती. आपल्यापैकी किती घरांत मुखपट्टीवर कात्री चालली? किती घरांत ती कागदी पिशवी ठेवली गेली? त्या दिवसांत मुखपट्टी नसलेल्याला चौकात अडवून दंड होत असे. रस्त्यावर मुखपट्टी टाकणाऱ्याकडे पोलिसांनी वा शेजाऱ्यांनी वळून पाहिल्याचे मला आठवत नाही. नियम तोंडापुरता होता, असे म्हटले तर तो केवळ शब्दच्छल ठरणार नाही.

याचे फळ आपण आपल्याच राज्यात पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका गादी कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला. तिथे गाद्यांमध्ये कापसाऐवजी वापरलेल्या, फेकलेल्या मुखपट्ट्या भरल्या जात होत्या. कारखानदारावर गुन्हा दाखल झाला, माल नष्ट करण्यात आला आणि वर्तमानपत्रे वाचून आपण सर्वांनी त्या कारखानदाराला शिव्याशाप दिले. त्याचा दोष होताच. पण त्या ढिगातील एकेक मुखपट्टी कुणाच्या तरी चेहऱ्यावरून उतरलेली होती. ती उतरवणारा माणूस कारखानदार नव्हता. तो तुमच्याआमच्यासारखा कुटुंबवत्सल, सुशिक्षित माणूस असण्याचीच शक्यता अधिक. कापलेली, कागदात गुंडाळून वेगळी दिलेली मुखपट्टी अशा ढिगात पोहोचणे कठीण असते. आपण तिला सहज पोहोचू दिले. ज्या उशापायथ्याशी कुणाचे तरी लेकरू झोपणार होते, तिथवर तिचा प्रवास आपल्या निष्काळजी हातातून सुरू झाला.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भीती दाखवून लोकांना शहाणे करण्याची आपल्याकडे एक खोड आहे. ती मला मान्य नाही. कोरोनाचा विषाणू मुखपट्टीच्या बाहेरच्या थरावर प्रयोगशाळेत सात दिवसांनंतरही आढळल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि त्याने मोठी घबराट पसरली. पुढे हे उलगडले की हा रोग प्रामुख्याने हवेतून पसरतो. वस्तूला हात लागून होणारा संसर्ग तुलनेने फार कमी. तेव्हा रस्त्यावर पडलेली प्रत्येक मुखपट्टी म्हणजे मृत्यूचा सापळा, असे मी म्हणणार नाही.

मग माझे म्हणणे काय? ते असे, की मुखपट्टी कचऱ्यात कधी एकटी नसते. तिच्याच शेजारी मधुमेहाच्या रुग्णाची सुई असते, वापरलेली लंगोटे असतात, रक्ताने भिजलेला कापूस असतो, फुटलेली काच असते. ज्या हाताला मुखपट्टी सोडवण्यासाठी ढिगात शिरावे लागते, त्याच हाताला ती सुई टोचते. आणि दुसरे असे, की उचलणाऱ्याला ती कुणाची हे कळायला मार्ग नसतो. मला साधी सर्दी होती, हे मला ठाऊक होते. त्या बाईंना नव्हते. तिने मात्र जगातील सगळे रोग गृहीत धरून ती उचलायची, किंवा काहीच गृहीत न धरता उचलायची. दुसऱ्याच्या शरीरातून निघालेला ओलावा अनोळखी माणसाच्या हाती देताना त्याची अनुमती आपण कधी घेतली? आरोग्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न उरतोच. आणि आपल्या देशात हा प्रश्न कोणत्या जातींच्या, कोणत्या वस्त्यांतील हातांवर येऊन थांबतो, हे मी सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दिसायला कापडासारखी दिसणारी ही मुखपट्टी कापड नव्हे. ती पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या तंतूंची असते. नाकावर धातूची पट्टी, कानांना लवचीक दोऱ्या. सुती फडके मातीत कुजते. ही कुजत नाही. उन्हापावसात तिचे तंतू सुटतात, बारीक होतात आणि पाण्यात मिसळतात. कोल्हापुरात गटारीत पडलेली वस्तू कोठे जाते हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. गटारीतून नाल्यात, जयंती नाल्यातून पंचगंगेत. आणि पंचगंगा हातकणंगले, शिरोळ तालुक्यांतून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आपल्या हातून सुटलेली वस्तू शिरोळच्या शेतकऱ्याच्या दारात जाते, तिथून कर्नाटकात जाते. जुलै २०२१ आठवा. जिल्ह्यातील संसर्गाचे प्रमाण राज्यात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत गणले जात होते आणि त्याच महिन्यात महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५० फुटांच्याही वर गेले. नदीने त्या वेळी शहराला त्याचाच कचरा घरोघरी परत आणून दिला. पूर ओसरल्यावर अंगणातला चिखल उपसताना ज्यांच्या फावड्याला निळ्या मुखपट्ट्या लागल्या असतील, त्यांना या परिच्छेदाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. हाँगकाँगजवळच्या सोको बेटांच्या निर्जन किनाऱ्यावर २०२० च्या प्रारंभीच मुखपट्ट्यांचा खच आढळला होता. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी एका समुद्रपक्ष्याचे पाय मुखपट्टीच्या दोरीत गुरफटलेले सापडले. तेव्हापासून दोऱ्या कापून मगच मुखपट्टी टाका, असे आवाहन तिकडे होऊ लागले. पक्ष्याच्या पायासाठी ज्या दोऱ्या कापायच्या, त्या खराट्यात अडकतात म्हणून माणसाच्या हातासाठी कापायला आपल्याला काय हरकत आहे?

आता नेहमीच्या सबबींकडे वळतो.

पहिली सबब, "हे महापालिकेचे काम आहे, आम्ही कर भरतो." कर भरल्याने शहराचा रस्ता आपला होतो, झाडणाऱ्या बाईचा हात आपला होत नाही. शिवाय महापालिकेकडे बोट दाखवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या प्रभागातील सफाई कामगारांना हातमोजे वेळेवर मिळतात का, असा एक ओळीचा अर्ज तरी केला आहे?

दुसरी सबब, "पेटीच नसते, टाकणार कुठे?" ही सबब अर्धी खरी आहे आणि त्या खऱ्या अर्ध्यापुरता माझा रोख प्रशासनावर व रुग्णालयांवर आहे. ज्या दारात मुखपट्टी बांधल्याशिवाय प्रवेश नाही, त्या दाराबाहेर ती उतरवून टाकण्यासाठी पायाने उघडणारी झाकणाची पेटी का नसावी? औषधाच्या दुकानदाराने खोकेच्या खोके विकावे आणि वापरलेली एकही परत घेऊ नये, हा कोणता व्यापार? लंगोट व सॅनिटरी पॅड बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. मुखपट्टीच्या खोक्यासोबत अशी पिशवी मी अजून पाहिलेली नाही. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु उरलेले अर्धे उत्तर आपल्या खिशात आहे. खिशात एक कागदी पाकीट ठेवले की पेटी घरापर्यंत आपल्याबरोबर चालते.

तिसरी सबब सर्वांत जुनी, "एकट्या माझ्याने काय होणार?" याचे उत्तर कोल्हापूरनेच देऊन ठेवले आहे. या शहरातील लोक पिढ्यान्‌पिढ्या गणेशमूर्ती आणि पूजेची फुले पंचगंगेत व रंकाळ्यात सोडत आले. श्रद्धेचा विषय, बोलायची सोय नव्हती. तरीही काही संस्था, शिक्षक आणि तरुण घाटावर उभे राहिले, हात जोडून विनंती करू लागले. मूर्तिदान आणि निर्माल्यदान हे शब्द येथे रुजले. घाटावर निर्माल्यकुंड आले. आपल्या हिंदू बांधवांनी देवाला वाहिलेले फूलसुद्धा नदीच्या भल्यासाठी बाजूला ठेवले. जे शहर पवित्र फूल नदीत टाकताना थबकायला शिकले, ते थुंकीने ओली झालेली मुखपट्टी टाकताना थबकू शकत नाही, हे मी कसे मानावे?

आणि पुण्याकडे पाहा. तेथील कचरावेचक स्त्रिया १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या झेंड्याखाली संघटित आहेत. पॅड आणि लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहण्याची वेळ आमच्यावर येणार नाही, एवढीच साधी मागणी त्यांच्या चळवळीने नागरिकांपुढे ठेवली. एक ठिपका! त्याला ना निधी लागतो, ना ठराव. मुखपट्टीलाही तोच ठिपका पुरेल.

म्हणून शेवटी काय करावे, ते निःसंदिग्धपणे सांगतो. मुखपट्टी उतरवताना तिला दोऱ्यांनी धरावे, तोंडाकडील बाजू आत येईल अशी घडी घालावी. घरी आल्यावर दोन्ही दोऱ्या कापाव्यात, मग ती मधोमध कापावी. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा आणि घंटागाडीत ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यावी. घरात कोणी आजारी असेल, तर ती पुडी कागदी पिशवीत तीन दिवस बाजूला ठेवून मग द्यावी. शेवटी साबणाने हात धुवावेत. ती शौचकुपात टाकू नये. आणि आपल्या भागातील अनेक घरांची सवय लक्षात घेऊन मुद्दाम सांगतो: पाणी तापवण्याच्या बंबात ती मुळीच घालू नये. जळते ते प्लास्टिक, आणि त्याचा धूर न्हाणीघराजवळ खेळणाऱ्या आपल्याच नातवंडांच्या छातीत जातो. जिथे रुग्णालयाची सक्ती नाही, केवळ धुळीपासून बचाव हवा, तिथे धुण्याजोगी सुती मुखपट्टी वापरावी. २०२० मध्ये बचत गटांतील भगिनींनी ती गावोगावी शिवली होती. ती कला अजून विसरली गेलेली नाही.

धर्मग्रामाच्या पातळीवरही करण्यासारखे आहे. मोठ्या मिस्सेच्या किंवा अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या आवारात झाकणाची एक पेटी ठेवावी आणि ती रिकामी करण्याची पाळी कुटुंबांनी वाटून घ्यावी, म्हणजे ती कुणा एका गरिबाच्या गळ्यात पडणार नाही. प्रत्येक कुटुंबसमूहाने आपल्या गल्लीत झाडणाऱ्या कामगारांसाठी हातमोज्यांचे चार जोड आणि एक लांब चिमटा घेऊन द्यावा. आणि ते फाटल्यावर पुन्हा द्यावेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले होते आणि वस्तू फेकणारा समाज हळूहळू माणसेही फेकू लागतो, असा तो इशारा होता. आपण ते परिपत्रक अभ्यासवर्गांत वाचले, त्यावर निबंध स्पर्धाही घेतल्या. आता ते गटारीच्या कडेला वाचण्याची वेळ आली आहे.

मिस्सेच्या प्रारंभी आपण केलेल्या अपराधांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. एरवी ते शब्द माझ्या ओठांवरून सहज सरकत असत. त्या पावसाळी सकाळीनंतर मात्र तिथे आलो की मला खराट्याच्या काड्यांत अडकलेली एक दोरी दिसते आणि ती सोडवणारी, पावसाने सुरकुतलेली बोटे दिसतात. परवा त्याच रुग्णालयात पुन्हा जावे लागले. बाहेर पडल्यावर मुखपट्टी उतरवली, घडी घातली आणि पाकिटात ठेवून खिशात टाकली. फाटकाजवळ त्या बाई दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तरी त्यांना सांगण्यासारखे त्यात काही नव्हते. त्यांचे एक वाकणे कमी झाले होते, इतकेच.